लाल दिवा, सायकलस्वार आणि दंड : वाहतूक कायद्यात सायकलीचे स्थान

१. प्रस्तावना

समजा, तुम्ही बेंगळुरूमध्ये शिकत आहात. मल्लेश्वरममधील खोलीतून सकाळी सायकल घेऊन निघता आणि बळ्ळारी रस्त्याने जी.के.व्ही.के.च्या आवाराकडे जाता. मेखरी सर्कलला पोहोचता तेव्हा सिग्नल लाल असतो. उजवीकडून, डावीकडून कोणी येत नाही असे पाहून तुम्ही पुढे निघता. पलीकडे उभा असलेला वाहतूक पोलीस हात करून थांबवतो आणि म्हणतो, "सिग्नल तोडलात. दंड भरा."

अशा वेळी मनात तीन प्रश्न येतात. सायकलला सिग्नल लागू असतो का? असेल तर दंड कोणत्या कायद्याखाली? आणि हा पोलीस तो जागच्या जागी वसूल करू शकतो का? या प्रश्नांची उत्तरे वाटतात तितकी सरळ नाहीत. अनेक जण ठामपणे सांगतात की "सायकलला कायदाच लागू नाही". तितकेच जण ठामपणे सांगतात की "रस्त्यावर सगळे सारखे". दोन्ही विधाने अर्धवट आहेत. कायदा वाचताना शब्दांच्या व्याख्येला केवढे महत्त्व असते, हे शिकण्यासाठी हा विषय फार चांगला आहे.

या टिपणाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत :

- 'मोटार वाहन' या संज्ञेची व्याख्या आणि तिच्यात सायकल का बसत नाही, हे स्पष्ट करणे.
- सायकलस्वाराला लागू होणारे इतर कायदे ओळखणे.
- दंड, तडजोड शुल्क आणि न्यायालयाची शिक्षा यांतील फरक सांगणे.
- सिग्नलची वेळ कोणाचा विचार करून ठरते, ते उदाहरणाने मांडणे.
- अपघातानंतरच्या भरपाईत सायकलस्वाराचे स्थान काय, ते समजावून देणे.

२. सायकल हे 'मोटार वाहन' आहे का?

रस्त्यावरील बहुतेक दंड मोटार वाहन अधिनियम, १९८८ या केंद्रीय कायद्याखाली होतात. म्हणून सुरुवात तेथून करू.

कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' म्हणजे काय ते सांगितले आहे. थोडक्यात, रस्त्यावर वापरण्यायोग्य केलेले आणि यंत्रशक्तीने चालणारे कोणतेही वाहन म्हणजे मोटार वाहन. रुळांवरून चालणारी वाहने, केवळ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहने आणि चारपेक्षा कमी चाके असलेली व २५ घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेली वाहने यांना या व्याख्येतून वगळले आहे. सायकल माणसाच्या पायांनी चालते. त्यामुळे ती व्याख्येच्या पहिल्याच पायरीवर बाहेर पडते, अपवादापर्यंत जावेच लागत नाही.

आता कलम ११९ पाहा. वाहतूक चिन्हे आणि विजेवर चालणारे सिग्नल पाळण्याचे कर्तव्य या कलमात आहे. पण ते कर्तव्य कोणावर? कलमाची सुरुवातच 'मोटार वाहनाच्या प्रत्येक चालकाने' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. कलम १८४ हे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे हा त्या कलमातील धोकादायक वर्तनाचा एक प्रकार ठरला. पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे कलमही मोटार वाहन चालवणाऱ्यालाच लागू होते.

कलम १७७ मध्ये सर्वसाधारण शास्ती आहे. अधिनियमातील ज्या तरतुदीच्या भंगासाठी वेगळी शिक्षा दिलेली नाही, तेथे हे कलम लागते. पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये. येथे विद्यार्थी हमखास चुकतात. 'कोणीही भंग केला तर' असे शब्द असल्यामुळे सायकलस्वारही यात येतो, असे त्यांना वाटते. पण भंग होण्यासाठी आधी कर्तव्य असावे लागते. कलम ११९ चे कर्तव्य सायकलस्वारावर नाही, म्हणून त्याच्या भंगासाठी कलम १७७ ही त्याच्यावर लावता येत नाही.

यामागे राज्यघटनेचे तत्त्व आहे. अनुच्छेद २०(१) नुसार, कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाल्याशिवाय कोणालाही अपराधासाठी दोषी ठरवता येत नाही. 'हे वागणे चुकीचे आहे' एवढे पुरेसे नसते. 'हे वागणे अमुक कलमाखाली गुन्हा आहे' हे दाखवावे लागते.

*बॅटरीवरच्या सायकलींचे काय?* बेंगळुरूमध्ये भाड्याच्या छोट्या विद्युत दुचाक्या सर्रास दिसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २ प्रमाणे मोटारीची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तसेच नियमातील इतर अटी पूर्ण होत असतील, तर ते वाहन 'मोटार वाहन' समजले जात नाही. म्हणूनच अशा गाडीला नोंदणी क्रमांक किंवा चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. मात्र वेग वाढवण्यासाठी गाडीत फेरफार केला की हे संरक्षण जाते आणि तुम्ही विनापरवाना, विनानोंदणी मोटार वाहन चालवणारे ठरता.

३. ही विभागणी आली कोठून?

सायकल मोटार वाहन कायद्यातून सुटली ती संसदेच्या विसरभोळेपणामुळे नव्हे. ही विभागणी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतच आहे. समवर्ती सूचीतील नोंद ३५ यंत्रचालित वाहनांविषयी आहे. त्यांवर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात. राज्य सूचीतील नोंद १३ मध्ये रस्ते, पूल यांच्याबरोबर 'यंत्रचालित नसलेली वाहने' येतात. म्हणजे बैलगाडी, टांगा, हातगाडी आणि सायकल हा मुळात राज्याचा विषय आहे.

करांच्या बाबतीत मात्र राज्य सूचीतील नोंद ५७ यंत्रचालित असोत वा नसोत, अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांना धरून आहे. आजी-आजोबांना विचारून पाहा. महाराष्ट्रातील अनेक गावांत नगरपालिकेचा सायकल कर भरून पत्र्याचा बिल्ला मिळत असे आणि तो सायकलला लावावा लागे. तो बिल्ला याच अधिकारातून आलेला होता.

४. मग सायकलस्वाराला कोणता कायदा लागू होतो?

*४.१ राज्याचा पोलीस कायदा*

कर्नाटक पोलीस अधिनियम, १९६३ चे कलम ३१ पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना वाहतूक नियमनाचे आदेश काढण्याचा अधिकार देते. रस्त्यावरची सर्व प्रकारची वाहतूक, तसेच चालणारे, गाडी हाकणारे, सायकल चालवणारे आणि गुरे नेणारे अशा सर्वांच्या रस्तावापराचे नियमन त्यात येते. हेतू हा की जनतेला धोका, अडथळा किंवा गैरसोय होऊ नये. या कायद्याचे कलम ९२ रस्त्यावरील किरकोळ अपराध व उपद्रव यांच्याविषयी आहे.

मराठी वाचकाला या कायद्याची घडण ओळखीची वाटेल. तो मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ या कायद्याच्या वळणावर बेतलेला आहे. हाच १९५१ चा कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, हे लक्षात घेतले की दोन्ही कायद्यांतील साम्याचे नवल वाटत नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात हे अधिकार कलम ३३ मध्ये आहेत. 'वाहन' या शब्दाची तेथील व्याख्या मोटार वाहन कायद्यापेक्षा खूप रुंद आहे. तिच्यात सायकल, तीनचाकी सायकल आणि रिक्षा यांचा नावानिशी उल्लेख आहे.

याच अधिकारांत रस्त्यावरच्या वाहनांना किती दिवे असावेत, कोठे असावेत आणि कोणत्या वेळी लावावेत हे ठरवणेही येते. पुण्यात एके काळी संध्याकाळी बिनदिव्याच्या सायकलवाल्याला आणि 'डबलसीट' जाणाऱ्यांना पोलीस पकडत. कोपऱ्यावर पोलीस दिसला की मागचा उडी मारून उतरे, हा किस्सा जुन्या पिढीतील अनेकांच्या तोंडी असतो. 'सायकलला दंड' ही कल्पना त्यामुळे नवी नाही. फक्त तो दंड मोटार वाहन कायद्यातून येत नसे.

म्हणून कोणत्याही शहरात सायकलस्वारावर सिग्नल तोडल्याची कारवाई योग्य आहे की नाही, हे ठरवताना पाहायचे ते असे : त्या शहराच्या पोलीस आयुक्तांचा लागू असलेला आदेश आहे का, त्यात सर्व वाहने येतात की फक्त मोटार वाहने, आणि भंगाची शिक्षा त्या पोलीस कायद्यात कोठे दिली आहे. कोलकात्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे २०१३ मध्ये पोलिसांनी अधिसूचना काढून १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. त्या मनाईचा आधारही मोटार चालकांवरच्या कर्तव्यात नव्हता, तो वाहतूक नियमनाच्या पोलिसी अधिकारात होता.

याशिवाय वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाची वाजवी सूचना पाळणे हे सर्वांचेच कायदेशीर कर्तव्य आहे. सिग्नलविषयी वाद घालता येईल, पण पोलिसाने हात करून थांबवले असता सायकल दामटणे हा वेगळा आणि अधिक स्पष्ट अपराध ठरू शकतो.

*४.२ भारतीय न्याय संहिता, २०२३*

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी ही संहिता आली. तिचे कलम २८१ (जुने कलम २७९) सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवण्याविषयी आहे. येथे 'मोटार वाहन' हा शब्द नाही. 'कोणतेही वाहन' चालवणारा किंवा स्वार होऊन जाणारा, असे शब्द आहेत. सायकलस्वार त्यात निःसंशय येतो. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण येथे नुसता सिग्नल तोडणे पुरत नाही. माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा कोणाला इजा होण्याचा संभव असेल अशी हयगय दाखवावी लागते. पहाटे मोकळ्या रस्त्यावर हळूच लाल दिवा ओलांडणारा सायकलस्वार आणि पादचारी रस्ता ओलांडत असताना त्यांच्या घोळक्यातून उतारावरून वेगाने जाणारा सायकलस्वार, हे या कलमासाठी सारखे नाहीत. प्रत्यक्ष इजा झाली तर कलम १२५ आणि मृत्यू झाला तर कलम १०६(१) लागू शकते. कलम १०६(१) खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायकलने काय होणार, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वृद्ध पादचाऱ्याला लागलेला धक्का जिवावर बेतू शकतो.

*४.३ येऊ घातलेले नियम*

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३८(१अ) आले. रस्ता सुरक्षेसाठी यंत्रचालित नसलेली वाहने आणि पादचारी यांच्या वावराचे नियमन करणारे नियम राज्य सरकारे या कलमाखाली करू शकतात. राज्यांनी ते करण्यात दिरंगाई केली. एस. राजशेखरन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सहा महिन्यांत असे नियम करण्याचे निर्देश दिले. म्हणून हा विषय अभ्यासताना तुमच्या राज्याचे ताजे नियम पाहून घ्या.

> तुमची प्रगती तपासा – १
> एका सायकलस्वाराच्या पावतीवर 'मोटार वाहन अधिनियम, कलम ११९ / १७७' असे लिहिले आहे. त्याचे म्हणणे तुम्ही कोणत्या मुद्द्यावर मांडाल?

५. दंड कोण आणि कसा करतो?

आपण बोलीभाषेत सगळ्यालाच 'दंड' म्हणतो. कायद्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, न्यायालयाने दोषी ठरवून केलेला दंड. ही शिक्षा असते.

दुसरी, तडजोड शुल्क. मोटार वाहन अधिनियमाचे कलम २०० काही अपराध न्यायालयात न जाता ठरावीक रक्कम भरून मिटवण्याची सोय देते. ही रक्कम आणि ती घेणारे अधिकारी राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. २०१९ मध्ये संसदेने दंड वाढवले, त्यानंतर कर्नाटकाने सप्टेंबर २०१९ मध्ये अनेक अपराधांची रक्कम खाली आणली, ती याच अधिकारात. रस्त्यावर पोलीस पावती फाडतो ती या दुसऱ्या प्रकारची असते.

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे परत या. कलम २०० ची सोय फक्त मोटार वाहन अधिनियमातील त्या कलमात नमूद अपराधांसाठी आहे. न्याय संहितेच्या कलम २८१ खाली जागेवर पैसे घेऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार पोलिसाला नाही. तेथे गुन्हा नोंदवणे, तपास आणि न्यायालय हाच मार्ग. म्हणून तुम्हाला थांबवले तर शांतपणे एवढेच विचारा : "साहेब, पावतीवर कोणता कायदा आणि कोणते कलम लिहिणार?" हा उद्धटपणा नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे. कलम लिहिलेली पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पावतीशिवाय 'थोडक्यात मिटवू' म्हणूही नका, कारण तो दुसरा आणि मोठा गुन्हा होतो. लिहिलेले कलम पटत नसेल तर जागेवर भांडण्यापेक्षा न्यायालयात म्हणणे मांडण्याचा पर्याय घ्या.

*कॅमेरा आणि सायकल.* बेंगळुरूमध्ये डिसेंबर २०२२ पासून मोठ्या चौकांत कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आली. कॅमेरा लाल दिवा ओलांडणारी गाडी टिपतो, नंबरप्लेट वाचतो, नोंदणीच्या माहितीतून मालक शोधतो आणि ई-चलन पाठवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७अ नुसार अशी सूचना घटनेनंतर १५ दिवसांत पाठवायची असते. या साखळीचा आधार एकच, नंबरप्लेट. सायकलला ती नाही, त्यामुळे सायकलस्वार या यंत्रणेला जणू दिसतच नाही.

चलन पाठवणे सोपे आणि वसुली कठीण, असा दुसरा धडाही बेंगळुरूने दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने थकलेल्या चलनांवर ५० टक्के सवलत दिली, तेव्हा काही दिवसांतच शहरात १०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली. एवढी थकबाकी साचली होती, याचा अर्थ चलनाचा धाक अनेकांना वाटत नव्हता. दंडाने वागणूक सुधारायची असेल तर रकमेइतकेच महत्त्व तो नक्की आणि लवकर होण्याला असते.

६. सिग्नल कोणाला डोळ्यांपुढे ठेवून बनवला जातो?

आतापर्यंत आपण सायकलस्वाराने नियम मोडला असे धरून चाललो. आता उलट बाजू पाहू. नियम पाळणाऱ्या सायकलस्वाराचे चौकात काय होते?

सोपे गणित करू. समजा चौक ४० मीटर रुंद आहे. पिवळा दिवा ३ सेकंद आणि त्यानंतर सर्व बाजूंना लाल असण्याचा काळ २ सेकंद आहे. म्हणजे एका दिशेचा हिरवा संपल्यापासून आडव्या दिशेचा हिरवा लागेपर्यंत ५ सेकंद.

- ताशी ३६ किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला १० मीटर जाते. चौक ओलांडायला तिला ४ सेकंद लागतात. हिरवा संपता संपता शिरली तरी ती वेळेत बाहेर पडते.
- ताशी १२ किलोमीटर वेगाची सायकल सेकंदाला सुमारे ३.३ मीटर जाते. तिला १२ सेकंद लागतात. हिरव्याच्या शेवटच्या क्षणी ती शिरली, तर ५ सेकंदांत ती सुमारे १७ मीटरवर म्हणजे जवळजवळ चौकाच्या मध्यावर असते. त्याच क्षणी आडवी वाहतूक सुटते.

येथे सायकलस्वाराने काहीही चूक केलेली नाही. तो हिरव्या दिव्यावर शिरला. तरी ७ सेकंद तो उघड्यावर आहे. बघणाऱ्याला मात्र 'सायकलवाला लाल दिव्यात घुसला' असेच वाटते.

मग मोकळीक ७ सेकंदांनी वाढवावी का? चार दिशांना मिळून दर फेरीत २८ सेकंद जातील. फेरी १२० सेकंदांची असेल तर आणखी जवळपास पाव वेळ कोणासाठीच हिरवा नसेल. बेंगळुरूसारख्या शहरात रांगा आणखी लांबतील. सिग्नलची वेळ ठरवणे ही केवळ तांत्रिक बाब नाही, हे यातून कळते. कोणाचा वेळ आणि कोणाचा जीव यांची तोलामोल त्यात असते, आणि ज्यांची मोजणी होते त्यांच्या बाजूने तराजू झुकतो.

सायकलस्वार हिरवा लागण्याआधीच का सुटतात, यालाही कारणे आहेत. एक म्हणजे श्रम. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन ताशी १८ किलोमीटर वेगाला नेण्यासाठी सुमारे १,००० ज्यूल ऊर्जा लागते. दर सिग्नलला थांबले की ती ब्रेकमध्ये जाते आणि पुन्हा पायांतून काढावी लागते. दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे भीती. हिरवा लागताच मागून दुचाक्या, रिक्षा आणि बस एकदम उसळतात. त्या लोंढ्यात डळमळत सुटण्यापेक्षा चार सेकंद आधी निघणे अनेकांना सुरक्षित वाटते. ही कारणे समजून घेणे म्हणजे नियमभंगाला पाठिंबा देणे नव्हे. पण उपाय शोधायचा तर कारण ठाऊक असावे लागते. थांबरेषेच्या पुढे सायकलींसाठी वेगळी जागा आखणे किंवा सायकलींना काही सेकंद आधी हिरवा देणे, हे उपाय याच कारणांवर बेतलेले आहेत.

बेंगळुरूमधील सायकल मार्गिकांची कथा येथे आठवावी. जयनगरमध्ये आखलेल्या मार्गिका उभ्या गाड्यांखाली दिसेनाशा झाल्या. २०२० मध्ये बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर खांब रोवून तात्पुरती मार्गिका केली, तिचाही बराच भाग पुढे मेट्रोच्या कामात गेला. राज्याच्या नगर भू-वाहतूक संचालनालयाने पादचारी व सायकलस्वारांच्या हक्कांसाठी सक्रिय वाहतूक विधेयकाचा मसुदा तयार केला, त्यालाही हीच पार्श्वभूमी होती.

> तुमची प्रगती तपासा – २
> वरच्या उदाहरणात चौक २५ मीटर रुंद असेल तर आडवी वाहतूक सुटते तेव्हा सायकल किती मीटर मागे राहिलेली असेल?

७. अपघात झाला तर?

दंड पाचशे रुपयांचा असतो, अपघाताचे नुकसान आयुष्यभराचे असू शकते. म्हणून सायकलस्वाराने हा भाग नीट वाचावा.

*मोटारीची धडक सायकलला बसली.* सायकलस्वार किंवा त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम १६६ खाली भरपाई मागू शकतात. मोटारीला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा असल्याने रक्कम बहुधा विमा कंपनी देते. मात्र सायकलस्वाराने लाल दिवा तोडला होता हे सिद्ध झाले, तर अंशदायी हयगयीच्या तत्त्वानुसार त्याच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कापली जाते. समजा, नुकसान १० लाख रुपयांचे ठरले आणि त्याचा दोष ४० टक्के धरला, तर हाती ६ लाख येतील. सायकलला दंड होतो की नाही या वादापेक्षा हा हिशेब कितीतरी जड आहे.

कलम १६४ खाली दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मागता येतात. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची योजना आहे.

*सायकलची धडक पादचाऱ्याला बसली.* येथे मोटार वाहन गुंतलेले नाही, म्हणून न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. पादचाऱ्याला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. सायकलला सक्तीचा विमा नसल्याने भरपाई स्वाराच्या खिशातून द्यावी लागते. स्वार गरीब विद्यार्थी किंवा मजूर असेल तर जखमी माणसाच्या हाती फारसे काही पडत नाही. कायद्याच्या कक्षेबाहेर असण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, ते येथे दिसते.

८. इतर देशांत काय करतात?

रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात 'चालक' या शब्दात सायकल चालवणाराही येतो. अनेक देशांचे कायदे त्याच दिशेने जातात. ब्रिटनमध्ये लाल दिवा तोडणाऱ्या सायकलस्वाराला ५० पौंडांची ठरावीक दंडपावती मिळू शकते. जर्मनीत ही रक्कम ६० युरोपासून सुरू होते आणि दिवा लाल होऊन एका सेकंदाहून अधिक वेळ झाला असेल तर ती वाढते.

दुसरी दिशा सवलतीची आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्याने सायकलस्वाराला लाल दिव्याशी पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्याची खात्री करून पुढे जाण्याची मुभा दिली. पॅरिसमध्ये ठरावीक चौकांत छोटा फलक असतो. तो असेल तेथे सायकलस्वार पादचाऱ्यांना वाट देऊन लाल दिव्यातही फलकावर दाखवलेल्या दिशेने जाऊ शकतो. दोन्ही ठिकाणी सूट आहे, पण ती लिहिलेली आहे आणि तिच्या अटी ठरलेल्या आहेत. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात सायकलस्वाराला बंधन नाही, तशी अशी लिखित सूटही नाही. त्याच्या वाट्याला आलेली आहे ती फक्त शांतता.

९. चर्चेचा मुद्दा

'सायकलींनाही नंबरप्लेट लावा आणि दंड करा' ही मागणी अधूनमधून होते. तिच्या बाजूने असे म्हणता येते की चौकात सर्वांना एकमेकांच्या हालचालीचा अंदाज हवा आणि नियम सर्वांना सारखे असले की तो येतो. पादचाऱ्याच्या दृष्टीने हे म्हणणे खरे आहे.

विरोधात तीन मुद्दे आहेत. सायकलने इतरांना होणारा धोका मोटारीच्या मानाने फार कमी आहे. सायकल वापरणाऱ्यांत बांधकाम मजूर, सुरक्षारक्षक, दूधवाले आणि शाळकरी मुले मोठ्या संख्येने असतात, त्यांच्यासाठी ५०० रुपये ही एखाद्या दिवसाची कमाई असू शकते. आणि ज्या रस्त्याने सायकलला मार्गिका दिली नाही, ज्या सिग्नलने तिचा वेग मोजला नाही, त्याने तिला फक्त दंडापुरते ओळखावे हे न्याय्य म्हणता येईल का?

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सायकल कायद्याला दंडासाठी दिसत नाही, तशीच ती हक्कासाठीही दिसत नाही. नियम करताना या दोन्ही गोष्टी बरोबर याव्यात, अशी अपेक्षा धरणे वावगे नाही. तोपर्यंत तुम्ही सायकलने चौकात आलात की लाल दिव्याला थांबा. कलम ११९ तुम्हाला लागू नसले तरी आडवी येणारी बस ते कलम वाचून येत नाही.

१०. सारांश

- सायकल हे मोटार वाहन नाही. म्हणून मोटार वाहन अधिनियमाची कलमे ११९ आणि १८४ सायकलस्वाराला लागू होत नाहीत, आणि कलम ११९ च्या भंगासाठी कलम १७७ ही लावता येत नाही.
- यंत्रचालित नसलेली वाहने हा राज्य सूचीतील विषय आहे. राज्याचा पोलीस कायदा आणि त्याखालचे आदेश सायकलस्वाराला बांधू शकतात.
- धोकादायक हयगय असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमे २८१, १२५ आणि १०६(१) सायकलस्वारालाही लागू होतात.
- जागेवरची वसुली म्हणजे तडजोड शुल्क. त्याला कायद्याचा आधार आणि कलम लिहिलेली पावती हवी.
- सिग्नलची वेळ मोटारीच्या वेगाने ठरली, तर नियम पाळणारा सायकलस्वारही चौकात अडकतो.
- सिग्नल तोडल्याचा परिणाम भरपाईच्या रकमेवर होतो.

११. स्वाध्याय

१. 'कर्तव्याशिवाय भंग नाही' हे तत्त्व कलम ११९ आणि १७७ यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुमच्या घराजवळच्या एका चौकात अर्धा तास सुरक्षित जागी उभे राहा. पिवळ्या दिव्याची वेळ, चौकाची रुंदी आणि सायकलला लागणारा वेळ मोजून विभाग ६ मधील गणित पुन्हा मांडा.
३. तुमच्या राज्याच्या पोलीस कायद्यात 'वाहन' या शब्दाची व्याख्या शोधा. मोटार वाहन अधिनियमातील व्याख्येशी तिची तुलना करा.
४. कलम १३८(१अ) खाली सायकलस्वारांसाठी पाच नियमांचा मसुदा लिहा. त्यांतील निदान दोन नियम हक्क देणारे असावेत.

*प्रगती तपासा – उत्तरे :* (१) कलम ११९ चे कर्तव्य मोटार वाहनाच्या चालकावर आहे. सायकल कलम २(२८) च्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे भंग आणि शास्ती दोन्ही उरत नाहीत. (२) ५ सेकंदांत सायकल सुमारे १७ मीटर जाते, म्हणून सुमारे ८ मीटर अंतर राहिलेले असेल.